दीडपटीचा उन्हाळा

कूलरच्या नव्या गवताला पहिल्यांदा पाणी लागलं की एक वास सुटतो. ओल्या पोत्याचा, थोडा लाकडाच्या भुश्शाचा, थोडा गोठ्याचा. झाशीत उन्हाळा पंचांगात लागायचा तेव्हा लागतो; माझा या वासाने लागतो. पस्तीस वर्षं मी पत्र्याचे कूलर बनवतो आणि विकतो. हा वास माझ्या सदऱ्यात, उशीत, डब्यातल्या पोळीतसुद्धा असतो असं सुनंदा, माझी बायको, म्हणते. यंदा चैत्र संपता संपता पहिलं पॅड भिजवलं आणि वासामागोमाग गेल्या वर्षीचा उन्हाळा आला. त्या उन्हाळ्याला मात्र वासापेक्षा आवाज जास्त होता. बारीक शिट्टीसारखा चढत जाणारा, आणि मग एकदम तुटणारा.

तो आवाज फोनमधल्या एका खेळाचा. पडद्यावर काळं आकाश, खाली कोपऱ्यात एक रॉकेट. आपण पैसे लावायचे. रॉकेट सुटतं आणि त्याच्याबरोबर एक आकडा चढायला लागतो: सव्वा, दीड, दोन, तीन. आकडा जेवढा, तेवढ्या पटीने आपले पैसे. पण रॉकेट केव्हाही फुटतं. फुटायच्या आत बटण दाबून उतरलो, तर त्या क्षणाचा आकडा आपला. नाही उतरलो, तर लावलेलं गेलं. एवढाच खेळ. हातात पत्ते नाहीत, समोर माणूस नाही. डाव पाच-सात सेकंदांचा, कधी दोन सेकंदांचा, आणि एक संपतो तोच दुसरा सुरू.

मे महिन्यात बारा ते चार झाशीचा रस्ता कुणाचाच नसतो. किल्ल्याखालचा खडक तापतो, तो रात्री दहापर्यंत निवत नाही. लूचा भाजणारा वारा सुटतो तेव्हा कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेने चालतात. गिऱ्हाईक येतं ते सकाळी नाहीतर दिवे लागताना. मधले चार तास दुकानदाराने काय करायचं हा जुना प्रश्न आहे. कुणी झोपतं, कुणी पत्ते कुटतं. मी शटर अर्धं ओढून, एक कूलर स्वतःवर सोडून, आदल्या दिवशीची भांडणं मनात पुन्हा भांडत बसायचो. माझा तो आवडता विसावा होता.

भांडण आणि भाव, दोन्ही मला बाजाराने शिकवलं. आमचं घराणं पिढ्यांमागे महाराष्ट्रातून इथे पूजाअर्चेला आलं. वडील कचेरीत कारकून झाले आणि मीही व्हावं अशी त्यांची इच्छा होती. मी सोळाव्या वर्षी मऊरानीपुरात एका मिस्त्रीकडे मोटर वाइंडिंग शिकायला जाऊन बसलो. नंतर हातगाडीवर दोन दोन कूलर बांधून गावोगाव फिरलो. मला दुकान कुणी दिलं नाही, भांडवल कुणी दिलं नाही. हाताला वार्निशचा वास आणि नखांत पत्र्याचा कीस असलेल्या या माणसाला बाजार अजून ‘पंडितजी’ म्हणतो, ते आजोबांच्या पुण्याईवर.

टहरौलीकडचा एक शेतकरी दर दोन वर्षांनी यायचा. कूलरभोवती दोन फेऱ्या मारायचा, पत्र्यावर टिचकी वाजवायचा.

“पंडितजी, जो कित्ते कौ है?”

“सात हज़ार.”

“पाँच में दे दो.”

“पाँच में जाली आएगी. हवा घर से ले आना.”

तो हसायचा, बसायचा, विडी काढायचा. मग आम्ही दोघं गप्प. सगळी विद्या त्या गप्प बसण्यात आहे. भाव सांगून झाल्यावर जो आधी तोंड उघडतो तो खाली येतो. मी दोन चहा आणि एक पूर्ण वर्तमानपत्र संपेपर्यंत गप्प बसलेलो आहे. तापट म्हणून माझी ख्याती आहे, एका गिऱ्हाइकाचा पंप मी गटारात भिरकावला होता हेही खरं आहे, पण भावाच्या वेळी मी कधी घाई केली नाही. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, वेळ होता. तो मी विकायचो.

ज्या दुकानात बसून हे सगळं केलं ते भाड्याचं होतं. बावीस वर्षं. मालक सिविल लाइंसमधले सेठजी, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, हलक्या आवाजाचे, सावकाश बोलणारे. दर पाच तारखेला मी रोख भाडं नेऊन द्यायचो, ते मोजून न बघता उशीखाली ठेवायचे. पावतीची पद्धत नव्हती. विजेचं मीटर त्यांच्या नावावर, घरपट्टी त्यांच्या नावावर. फरशी मी बसवली, शटर मी बदललं, छत गळायचं ते मी थांबवलं, आणि त्या जागेच्या एकाही कागदावर माझं नाव नव्हतं. गेल्या वर्षी फाल्गुनात ते आपणहून म्हणाले, “पंडित, दुकान निकालना है. पहला हक़ तुम्हारा.” भाव सांगितला छत्तीस लाख.

त्या रात्री मी सुनंदाला म्हणालो, तीसला घेतो की नाही बघ. ती म्हणाली, “घ्या. पण घ्या नक्की. पाटीवर नाव तुमचं आणि भिंत दुसऱ्याची, असं किती दिवस चालायचं?”

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली शिलाई मशीन होती.

आता कुलकर्णी. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पुण्याकडचे, निवृत्तीला वर्ष उरलेलं. अशी महाराष्ट्रातून नोकरीवर आलेली माणसं आणि आमच्यासारखी इथे मुरलेली माणसं गणपतीत एकाच मांडवात बसतात, पण एका सतरंजीवर नाही. त्यांच्या घरी एकदा मी कुणाला तरी आमच्या हिंदी वळणाने “पाणी पिऊन घ्या” म्हणालो तेव्हा त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला होता. ते मी विसरलेलो नाही. कुलकर्णी स्वतः सभ्य माणूस. पण भाव करायचे नाहीत. मी म्हणावं साडेसहाशे, त्यांनी साडेसहाशे काढून ठेवावेत. अशा गिऱ्हाइकाचा दुकानदाराला आनंद होत असेल असं लोकांना वाटतं. मला तो अपमान वाटायचा. आपण कुस्तीला लंगोट बांधून उभं राहावं आणि समोरच्याने नमस्कार करून निघून जावं, तसा.

चैत्रात ते पंप घेऊन आले. दुरुस्तीला अर्धा तास होता. ते स्टुलावर बसले आणि फोनमधून ती शिट्टी यायला लागली.

“हे काय?” मी विचारलं.

“करमणूक,” ते म्हणाले. “लोक यात लोभाने मरतात. जपून खेळलं तर काही होत नाही. गणित आहे हो. रोजची रक्कम ठरवायची, ती संपली की फोन बंद. आणि दीडपटीला उतरायचं. कितीही वर जावो, आपण दीडला उतरायचं.”

मला ती भाषा कळली. ठराविक नफा घेऊन उठायचं, शेवटच्या पैशाला हात घालायचा नाही. मी त्याच संध्याकाळी एका टाकाऊ पत्र्याच्या मागे खडूने नियम लिहिले: दुपारी दोन ते चार. रोजचे तीनशे. डाव पन्नासचा. दीडला उतरणे. सलग तीन गेले की बंद. पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. सांगायला हवं की हे नियम मी सगळा उन्हाळा पाळले. एकदाही मोडले नाहीत. असल्या खेळापायी दागिने विकलेल्यांच्या, पळून गेलेल्यांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या आहेत. माझी तशी नाही. मी जपून खेळलो.

जपून खेळणं म्हणजे काय ते सांगतो. अंगठा बटणापासून केसभर वर धरायचा. आकडा सुटला की श्वास थांबतो. एक दशांश एक, दोन, तीन. कूलरचा पंखा फिरतोय, मानेवर थंड तुषार, आणि कपाळावर घाम. चार, पाच. अंगठा खाली. पन्नासचे पंच्याहत्तर झाले. मग ते रॉकेट पुढे जात राहतं आणि आपण बघत राहतो. कधी दोनला फुटतं, तेव्हा आपण शहाणे. कधी नऊवर जातं. एकदा चौसष्टवर गेलं. मी पंच्याहत्तर रुपये घेऊन बसलेलो, आणि ते काळ्या आकाशात चढतंय, चढतंय. बाजूला इतर खेळणाऱ्यांची नावं सरकत असतात, कुणी वीस हजार नेले, कुणी साठ. ती नावं खरी होती की नाही कोण जाणे. मला त्या माणसांचा राग यायचा. न पाहिलेल्या माणसांवर रागावण्याचा अनुभव मला नवीन होता.

आणि कधी रॉकेट सुटतानाच फुटतं. आकडा एकच्या पुढे सरकायच्या आत. त्यात जपणाऱ्याचंही जातं आणि उधळ्याचंही. त्या एका डावासाठी आधीचे दोन जिंकलेले लागतात. कुलकर्ण्यांनी हे वहीत मांडलं होतं. वैशाखात ते दुकानात येऊन म्हणाले, “पुराणिक, मी पुसून टाकलं ते. मोजून पाहिलं. कितीही जपा, शंभर डावांत थोडं कमीच होतं. तुम्हीही काढून टाका.”

“तुम्हाला जमलं नाही,” मी म्हणालो.

“जमण्याचा प्रश्न नाही हो. समोर माणूस नाही ना. हिशेब आहे फक्त.”

“समोर कुणीतरी असतंच,” मी म्हणालो. माझा तसा विश्वास होता. भाव आहे तिथे भाव सांगणारा आहे, आणि सांगणारा आहे तिथे त्याला दमवता येतं. त्याची खात्रीही मला लवकरच पटली. एकदा लागोपाठ तीन गेले, मी संतापून खेळ उघडायचाच सोडला. पाचव्या दिवशी निरोप आला: आपली आठवण येते, परत या, दोनशे रुपये आमच्याकडून.

मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. घरी जाऊन सुनंदाला निरोप दाखवला.

“बघ. मी उठून गेलो, तर मागून हाक मारली.”

“कुणी मारली?”

“त्यांनी.”

“त्यांनी म्हणजे कुणी?”

मी फोन खिशात घातला. दुकानाच्या पायरीवरून उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आयुष्यभर हाक मारत आलो, “अरे सुनो तो, आओ, तुम्हारी भी नहीं मेरी भी नहीं.” आता मला हाक आली होती. पायरी उतरून भाव पाडल्याचं ते समाधान मी चार दिवस मिरवलं. तोच निरोप कुलकर्ण्यांनाही आला होता आणि खेळ सोडणाऱ्या प्रत्येकाला जातो, हे मला पुष्कळ पुढे कळलं. दुसऱ्या कुणी त्याच्याकडे जाहिरात म्हणून पाहिलं असतं. तो विजय वाटायला माझ्यासारखा भाव करणारा माणूस लागतो.

त्या उन्हाळ्यात दुकानात काहीतरी बिनसत होतं. मी ते उन्हावर ढकललं. टहरौलीचा शेतकरी आला, फेऱ्या मारून झाल्या, टिचकी वाजवून झाली.

“कित्ते कौ?”

“साढ़े सात.”

“पाँच.”

“साढ़े छह.”

तो विडी काढायला खिशात हात घालत होता. अजून काही बोलला नव्हता. मीच म्हणालो, “चलो, पाँच में ले जाओ.”

त्याचा हात खिशातच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कूलरकडे पाहिलं, वाकून टाकीखाली पाहिलं. “पंडितजी, ईमें कछू गड़बड़ है का?” म्हणाला, आणि न घेताच गेला. मी मागून हाक मारली. तो वळला नाही.

पाचला विकलं असतं तर मला तोटा नव्हता. पण त्या विडीभर वेळ मला बसवलं नाही. माझा अंगठा आपोआप दुसऱ्या बोटावर घासत होता. गप्प बसलो की छातीत ती शिट्टी चढायची, आणि ती तुटायच्या आत काहीतरी करून उतरावं असं व्हायचं. हे मी आज लिहितो. तेव्हा एवढंच म्हणालो की यंदा गिऱ्हाईक नीट नाही.

सेठजींकडच्या बैठका चालूच होत्या. सौदा एका बैठकीत होत नाही, करूही नये. फाल्गुनात छत्तीस. चैत्रात मी सत्तावीस म्हणालो, ते चौतीस म्हणाले. वैशाखात मी एकोणतीसवर आलो आणि ते साडेबत्तीसवर. दोघांनाही कळत होतं की कुठे भेटायचं आहे. फक्त तिथपर्यंत चालत जायचं होतं.

ज्येष्ठातली ती बैठक सकाळी दहाची होती. व्हरांड्यात वाळ्याचा पडदा, मागे मीच बनवलेला जुना कूलर, सेठजी वेताच्या खुर्चीत, मी समोर. इकडचं तिकडचं झालं. त्यांच्या गुडघ्याचं झालं, आंब्याच्या भावाचं झालं. मग मी पाणी प्यालो, पेला खाली ठेवला आणि म्हणालो, “सेठजी, तीस. आज कह दिया.”

ते बोलले नाहीत. फरशीकडे बघत राहिले. मीही बोललो नाही. अशा हजार शांतता मी बसून काढल्या आहेत. पण त्या दिवशी ती शांतता मला चढताना दिसायला लागली. तीस हा आकडा आमच्या दोघांच्या मध्ये वर वर चालला होता आणि आता फुटणार, आता हा म्हातारा मान हलवून पुन्हा साडेबत्तीस म्हणणार, आपण केलेली सगळी मेहनत पाण्यात. अंगठा मांडीवर आपटत होता.

सेठजी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. काही न बोलता आत गेले.

फुटलं, असं मला वाटलं. मग डोकं भराभर चाललं. इथे बसून नकार ऐकण्यापेक्षा आपण आधी उठलेलं बरं. मान राहील. आपण उठून गेलो की दोन दिवसांत निरोप येईल, आणि तो एकोणतीसचा येईल. मी चपला घातल्या, फाटक लावलं, मोटारसायकल सुरू केली. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. वाटेत मला हलकं वाटत होतं. वेळेवर उतरलो, असं मी स्वतःला म्हणत होतो.

निरोप आला नाही. दोन दिवस नाही, चार दिवस नाही. मी जायचं नाही हे ठरलेलंच होतं, कारण जो परत जातो तो वर चढतो. सहाव्या दिवशी दुपारी कुलकर्णी दुकानात आले. ते उन्हातून आले होते, टोपीसुद्धा नव्हती.

“पुराणिक, तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो. सेठजी म्हणाले, पंडितने जागा सोडली. मुलीच्या दवाखान्यासाठी मी जागा शोधतच होतो. घेतली मी.”

मुलगी त्यांची दातांची डॉक्टर. मी उठून उभा राहिलो.

“कितीला?”

“छत्तीस.”

“छत्तीस? एक रुपया तरी कमी करा म्हणालात?”

“त्यांनी सांगितला तो भाव.”

पुढचं मी लिहीत नाही. आजूबाजूची शटरं वर झाली, भर लूमध्ये लोक पायरीवर येऊन उभे राहिले, एवढं सांगितलं की पुरे. मी त्यांना चोर म्हणालो. आधी मला फोनला चिकटवलं आणि पाठीमागून जागा नेली, असंही म्हणालो. ते सगळं ऐकून घेत उभे राहिले. शेवटी म्हणाले, “मला खरंच वाटलं तुम्ही सोडली,” आणि उन्हातून परत गेले. मला तीन महिन्यांची मुदत त्यांनी आपणहून दिली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी डबा देताना सुनंदा म्हणाली, “पाटी काढताना जपून काढा. पत्रा चांगला आहे.”

मी आता दोन गल्ल्या आत बसतो. संध्याकाळचं गिऱ्हाईक इतक्या आत येत नाही. खेळाचं म्हणाल तर सरकारने असल्या खेळांवर बंदी आणली आणि एका दुपारी तो उघडेचना. आत चारशे रुपये होते, ते तिथेच राहिले. सगळ्या उन्हाळ्याची बेरीज केली तर मधल्या आकाराच्या एका कूलरची किंमत गेली. आजही निरोप येतात, नाव दुसरं, रॉकेटच्या जागी आणखी काही. मी उघडत नाही. मला त्या पैशांचं दुःख नाही आणि खेळाची ओढही नाही. पुष्कळदा वाटतं, उधळून खेळलो असतो तर निदान घाबरून आठ दिवसांत फोन फेकला असता. मी जपून खेळलो, म्हणून रोज दोन तास, दोन महिने, मी माझ्या अंगठ्याला एकच गोष्ट शिकवत राहिलो. लवकर ऊठ. आणि अंगठा हुशार विद्यार्थी निघाला.

वर्षभर मात्र मी हे असं बोललो नाही. वर्षभर मी सगळ्यांना कुलकर्ण्यांची गोष्ट सांगितली. गणपतीत त्यांच्याकडे पाठ करून बसलो. चहावाल्याला सांगितली, लग्नात अनोळखी पाहुण्यांना सांगितली. सांगून सांगून ती इतकी घोटीव झाली होती की ऐकणारा कुठे ‘अरेरे’ म्हणणार ते मला आधीच ठाऊक असायचं.

यंदा वैशाखात सिविल लाइंसहून फोन आला. सेठजींच्या सूनबाई, ज्यांना सगळे बहूजी म्हणतात. व्हरांड्यातल्या कूलरचं गवत बदलायचं होतं. मी वर्षभर त्या फाटकाशी गेलो नव्हतो. पण कूलर माझा होता, दुसऱ्याने हात लावलेला मला चालला नसता. गेलो. सेठजी आत झोपले होते, आता ऐकू फारसं येत नाही म्हणाल्या. मी जाळी उघडून जुनं गवत उपसत होतो. बहूजी दारात उभ्या होत्या.

“पंडितजी, एक बात पूछें? बुरा मत मानिएगा. उस दिन आप उठकर चले क्यों गए थे?”

“किस दिन?”

“अरे, जिस दिन दुकान की बात पक्की हुई थी.”

“पक्की कहाँ हुई थी, बहूजी?”

“क्यों? बाबूजी अंदर आए, बोले, पेड़े निकालो, पंडित को तीस में दे दी. डिब्बा ऊपर रखा था, मुझे स्टूल लाना पड़ा. तश्तरी लेकर बाबूजी बाहर गए तो कुर्सी ख़ाली.” त्या थांबल्या. “बड़ी देर तश्तरी लिए खड़े रहे. फिर बोले, जिसे मुँह मीठा करने की फ़ुरसत नहीं, उससे कैसा सौदा.”

माझ्या हातात ओल्या गवताचा गोळा होता. आमच्या बाजारात मोठ्या सौद्याचा होकार तोंडाने देत नाहीत. विकणारा गप्प उठतो, आत जातो, आणि गूळ नाहीतर पेढा घेऊन बाहेर येतो. तो तोंडात पडला की झालं, मग कागद नुसता उपचार. बसलेल्याने उठायचं नसतं. मी स्वतः हे किती वेळा केलं आहे. जुन्या दुकानात मागच्या फळीवर गुळाचा डबा मी याच कामासाठी ठेवायचो. ज्याला बाजारात पस्तीस वर्षं झाली तो हे विसरू शकत नाही. मी विसरलो नव्हतो. मला तेवढा वेळ बसवलं नाही.

नवं गवत भरलं, पाणी सोडलं, तो वास सुटला. बहूजींनी पैसे विचारले. मी सांगितले तेवढे त्यांनी दिले.

घरी सुनंदाला सगळं सांगितलं. ती निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून ऐकत राहिली.

“मग आता कुलकर्ण्यांशी बोलाल?”

“कशाला?”

“त्यांचा काय दोष यात?”

“दोष नाही म्हणून काय झालं?” मी म्हणालो.

ती उठून भाजी धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. भिंती पांढऱ्या, शटरच्या जागी काच. फरशी माझीच होती, पुसून चकचकीत केलेली. निवृत्त झालेले कुलकर्णी टेबलाशी बसून नावं लिहून घेत होते. मला पाहून उभे राहिले.

“या, या. काय होतंय?”

एक वाक्य मी रस्ताभर जुळवत आणलं होतं. तोंडातून आलं, “दाढ.”

त्यांच्या मुलीने मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात दिवा सोडला, सगळ्या दातांवर एकेक टकटक केलं. “काका, दाढ उत्तम आहे. पण दात फार आवळता तुम्ही. झोपेत चावता का?”

“जागेपणी,” बाहेरून कुलकर्णी म्हणाले.

मी बाहेर आलो. “किती झाले?”

“काही नाही हो. काही निघालंच नाही तर कसली फी?”

“फी किती?”

“तीनशे. पण तुमच्याकडून नको.”

“तीनशे घ्या.”

“बरं, शंभर द्या.”

“तीनशे.”

“दोनशे. तुमचंही राहू दे, माझंही राहू दे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही भाव करता?”

“पहिल्यांदाच,” ते म्हणाले. “जमतंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “फार लवकर वर आलात.” आणि मग ते वाक्य आलं, जुळवलेलं नव्हे, दुसरंच. “सेठजी पेढे आणायला आत गेले होते. मी उठलो.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. ते इथले नव्हेत, पण बारा वर्षं या गावात काढली आहेत, पेढ्याचं त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अरेरे म्हणाले नाहीत. तीनशे रुपये घेतले आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं.

“पूर्ण नाव काय लिहू?”

“माधव विनायक पुराणिक.”

त्यांनी ते सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कागद फाडून दिला. वरच्या बाजूला छापील अक्षरात दुकानाचा नंबर, बाजार, झाशी. त्याखाली माझं नाव. मी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून आतल्या खिशात ठेवलं.

काचेबाहेर रस्ता पांढरा पडला होता.

“ऊन उतरू दे,” कुलकर्णी म्हणाले. “बसा थोडं.”

मी बसलो.